घरच्या घरी पीनट बटर ईस्टर एग्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की मला मेसेज यायला लागतात, न्यू जर्सीतून, ओहायोतून, टेक्सासमधून आणि हल्ली पुण्या-ठाण्यातूनही. मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहते, हर्शी गावापासून गाडीने अर्ध्या तासावर. ही एग्ज मला शेजारच्या आजींनी शिकवली, त्यांच्या चर्चच्या तळघरातल्या किचनमध्ये. इकडे बऱ्याच चर्चमध्ये ईस्टरच्या आधीचे काही आठवडे सगळे मिळून शेकड्यांनी एग्ज करतात आणि ती विकून चर्चसाठी पैसे उभे करतात. तेच तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

१. हे नक्की काय असतं? दुकानात मिळतो तो पीनट बटर कपच ना?

चव त्याच घराण्यातली आहे. कप साच्यात ओततात आणि हे हाताने वळतात, एवढाच मुख्य फरक. पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखर मळून अंड्याच्या आकाराचे गोळे करायचे, गार करायचे आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे. कपाची गोष्टही याच भागातली आहे. एच. बी. रीज हे हर्शी या चॉकलेट कंपनीच्या डेअरी फार्मवर काम करायचे, पुढे त्यांनी स्वतःची कँडी करायला सुरुवात केली आणि १९२८ साली हर्शी गावातच तो कप आणला. १९६३ मध्ये त्यांची कंपनी हर्शी कंपनीत विलीन झाली. शेजारच्या ओहायो राज्यात याच सारणाचे गोल गोळे करतात आणि वरचा थोडा भाग चॉकलेटशिवाय उघडा ठेवतात, त्याला बकाय म्हणतात, कारण ते तिथल्या बकाय झाडाच्या बीसारखं दिसतं. बुडवायला जमत नसेल तर बकायपासून सुरुवात करा, टूथपिक टोचून बुडवता येतं आणि वरून पूर्ण झाकायचं टेन्शन नाही.

२. नावात एग आहे, मग यात अंडं असतं का? सासूबाई विचारतायत.

नसतं, फक्त आकार अंड्याचा. ईस्टरच्या आधी ४० दिवसांचा लेंट हा उपासाचा काळ असतो आणि पूर्वी त्यात अंडीही वर्ज्य असायची, पण कोंबड्या काही अंडी द्यायच्या थांबत नाहीत, त्यामुळे साठलेली अंडी ईस्टरला आनंदाने खायची, शिवाय अंडं म्हणजे नवा जीव, म्हणून ते या सणाचं चिन्ह झालं. ईस्टरचा ससासुद्धा अमेरिकेत आला तो पेनसिल्व्हेनियात येऊन राहिलेल्या जर्मन लोकांबरोबर, १८व्या शतकात.

सासूबाई काटेकोर असतील तर सजावटीकडे मात्र लक्ष द्या. चकचकीत स्प्रिंकल्सवर बऱ्याचदा कन्फेक्शनर्स ग्लेझ असतो, तो लाखेच्या किड्यापासून येतो. मार्शमॅलो लावणार असाल तर त्यात जिलेटिन असतं. मी वरून फक्त पांढऱ्या चॉकलेटच्या रेघा ओढते, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

३. प्रमाण सांगा ना, कप नको, ग्रॅममध्ये.

पीनट बटर २५० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी ५७ ग्रॅम (इकडची अर्धी स्टिक), पिठीसाखर २४० ग्रॅम, व्हॅनिला १ छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. वरून लावायला ३४० ग्रॅम चॉकलेट. एवढं चॉकलेट लागत नाही, शंभरेक ग्रॅम उरतंच, पण भांड्यात खोली नसेल तर बुडवता येत नाही. यात २५ ग्रॅमची साधारण २० ते २२ एग्ज होतात.

लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. आधी लोणी आणि पीनट बटर एकत्र फेसून घ्या, मग मीठ आणि व्हॅनिला, मग साखर तीन हप्त्यांत. भारतातलं पॅकेटचं बटर बहुतेक वेळा खारं असतं, ते वापरलंत तर वरून मीठ घालू नका. पण मीठ अजिबात गाळू नका हं, मिठाशिवाय हे नुसतं गोडगोड लागतं आणि दाण्याची चवच वर येत नाही.

४. कधी करायला घ्यायचं? ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो?

२१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही येतो. आपल्याला तिथीवर सण मोजायची सवय आहे त्यामुळे हे लगेच पटतं. २०२६ मध्ये ५ एप्रिल आणि २०२७ मध्ये २८ मार्च. एखादं ऑर्थोडॉक्स चर्चमधलं कुटुंब ओळखीचं असेल तर आधी विचारून घ्या, त्यांचा ईस्टर बऱ्याचदा वेगळ्या रविवारी असतो.

मी चार-पाच दिवस आधी करते. पहिल्या दिवशी संध्याकाळी सारण आणि गोळे, दुसऱ्या दिवशी चॉकलेट. एका बैठकीत सगळं उरकायला गेलं की चॉकलेटपर्यंत येताना हात थकलेले असतात आणि नेमकी तिथेच घाई होते. लेंटमध्ये कुणी गोड सोडलेलं असू शकतं, त्यामुळे डबा आधी नेऊन दिलात तर ईस्टरसाठी आहे असं सांगून द्या.

५. कोणतं पीनट बटर? माझ्याकडे वर तेल येतं ते नॅचरलवालं आहे.

या एका बाबतीत माझं मत ठाम आहे, साधं क्रीमी घ्या, ज्यात थोडं घट्ट वनस्पती तेल मिसळलेलं असतं आणि जे ढवळावं लागत नाही. नॅचरलमध्ये नुसते दाणे आणि मीठ असतं, चवीला ते छान असतं पण त्यातलं तेल मोकळं असतं, गोळा बसका होतो आणि चार दिवसांत तेल चॉकलेटमधून बाहेर येतं. तेच वापरायचं असेल तर बरणी नीट ढवळून घ्या, वरचं तेल काढून टाकू नका, नाहीतर सारण कोरडं होतं, साखर ३० ते ४० ग्रॅम जास्त घाला आणि झालेली एग्ज फ्रीजमध्येच ठेवा. अमेरिकेत बरणीवर नुसतं पीनट बटर लिहायचं तर त्यात किमान ९० टक्के दाणे असावे लागतात, कमी असतील तर स्प्रेड असं लिहितात. स्प्रेड आधीच गोड असतं, ते मी टाळते.

६. घरी मिक्सरवर दाण्याचं पीनट बटर केलं तर?

चालतं. दाणे खमंग भाजा, सालं पूर्ण काढा, गार होऊ द्या आणि मग थांबत थांबत फिरवा, आधी कूट होईल, मग गोळा होईल, मग तेल सुटून पातळ होईल, तिथपर्यंत जायला हवं. कुटावर थांबलात तर सारण रवाळ होतं. पण हे नॅचरलसारखंच वागतं, म्हणून प्रश्न ५ मधली साखरेची आणि फ्रीजची सूचना इथेही लागू.

७. सारण हाताला चिकटतंय / फुटतंय, काय करू?

चिकटत असेल तर आधी साखर वाढवू नका, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, बहुतेक वेळा लोणी जास्त मऊ झालेलं असतं. त्यानंतरही चिकटलं तरच एकेक चमचा साखर. फुटत असेल तर एक छोटा चमचा पीनट बटर घालून परत मळा. दूध किंवा पाणी घालायचा मोह होतो, तो टाळा, पाण्याचा अंश आत गेला की टिकवण कमी होते. बरोबर झालेलं सारण पेढ्याच्या मिश्रणासारखं असतं, मुठीत दाबलं की ठसा उमटतो आणि बोटं जवळजवळ कोरडी राहतात.

गोळा लिंबापेक्षा लहान घ्या, एका टोकाला निमुळता करा आणि तळ थोडा चपटा दाबा म्हणजे तो लवंडत नाही.

८. घरी दळलेली साखर चालेल का?

चालेल, दोनदा वस्त्रगाळ करा, कणी राहिली तर दाताखाली येते. विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडा कॉर्नस्टार्च असतो, तो सारण घट्ट धरायलाही मदत करतो, त्यामुळे घरच्या साखरेत एका कपाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळा. उपवासासाठी विचारत असाल तर प्रश्न १८ बघा.

९. चॉकलेट कोणतं घेऊ? चिप्स, बार, की ते मेल्टिंग वेफर्स?

चिप्स मुद्दाम अशा बनवतात की कुकीत भाजल्यावरही आकार टिकावा, त्यात कोकोआ बटर, म्हणजे कोकोच्या बियांतलं फॅट, कमी असतं, म्हणून वितळवल्यावर त्या दाट राहतात आणि थर जाड बसतो. ३४० ग्रॅम चिप्सना एक मोठा चमचा वास नसलेलं रिफाइंड खोबरेल घातलं की सैल होतं, पण खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे अशी एग्ज बाहेर मऊ पडतात आणि बोटांना लागतात.

मेल्टिंग वेफर्स किंवा भारतात मिळणारं कंपाउंड, यात कोकोआ बटरऐवजी दुसरं वनस्पती फॅट असतं. नुसतं वितळवा आणि बुडवा, पहिल्यांदा करणाऱ्यांनी खुशाल हेच घ्या. चव मात्र खऱ्या चॉकलेटची येत नाही, जिभेवर थोडं मेणासारखं राहतं. मी ५५ ते ६० टक्क्यांचं डार्क चॉकलेट घेते, कारण सारणच इतकं गोड असतं की वर मिल्क चॉकलेट लावलं तर एक खाऊन दुसरं खाववत नाही. मुलांना मिल्कच आवडतं, म्हणून अर्धी तशी करते.

१०. टेम्परिंग म्हणजे काय आणि ते करायलाच हवं का?

कंपाउंडला नको. खऱ्या चॉकलेटला हवं, आणि मला येणाऱ्या तक्रारींपैकी अर्ध्या तरी इथूनच आलेल्या असतात.

कोकोआ बटर गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक करू शकतं आणि त्यातला पाचवाच आपल्याला हवा असतो. तो ३४ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे बोटांवर टिकतो, तोंडात विरघळतो, त्याला चकाकी असते आणि मोडताना टक् आवाज येतो. नुसतं वितळवून गोठवलं तर बाकीचे प्रकार मिसळतात आणि चॉकलेट मऊ, निस्तेज, पट्टेरी होतं.

चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन तो पाचवा प्रकार करवून घेणं म्हणजे टेम्परिंग. सोपी पद्धत म्हणजे चक्क विरजण लावणं. दुधाला आपण थोडं दही लावतो ना, तसं वितळलेल्या चॉकलेटला न वितळलेलं चॉकलेट लावायचं, कारण दुकानातल्या चकचकीत बारमध्ये ते चांगले स्फटिक आधीच असतात आणि बाकीचं चॉकलेट त्यांच्या वळणावर जातं. ३४० ग्रॅममधलं २३० ग्रॅम बारीक चिरून डबल बॉयलरवर (गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात) किंवा मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद करत वितळवा, डार्क ४५ ते ५० अंशांपर्यंत, मिल्क ४० ते ४५ पर्यंत. खाली उतरवून उरलेलं ११० ग्रॅम मूठमूठ घालत ढवळत राहा, डार्क ३१-३२ अंशांवर आणि मिल्क २९-३० वर आलं की तयार. चाकूचं टोक बुडवून बाजूला ठेवा, २० अंशांच्या खोलीत पाचेक मिनिटांत चकाकीसह घट्ट झालं तर बरोबर, नाही तर अजून थोडं घालून ढवळा. यात खोबरेल घालू नका, केलेली मेहनत जाते. काम करताना घट्ट व्हायला लागलं तर काही सेकंदच गरम करा, डार्क ३२ च्या फार वर गेलं की परत पहिल्यापासून.

थर्मामीटर घ्याच. मी दोन वर्षं ओठाला लावून अंदाज घ्यायचे आणि एकदा जमायचं, एकदा नाही.

११. चॉकलेट एकदम घट्ट गोळा झालं, रवाळ दिसतंय. वाचेल का?

पाण्याचा थेंब आत गेला. ओला चमचा, डबल बॉयलरची वाफ, वाफ धरलेलं झाकण, एवढंही पुरतं, कारण त्या थेंबाला चॉकलेटमधली कोरडी साखर आणि कोको चिकटून गुठळी होते. कोटिंगसाठी ते गेलं, पण फेकू नका, चमचा चमचा गरम दूध घालत ढवळा, छान सॉस होतो. रंगाचंही तेच, पांढऱ्या चॉकलेटमध्ये केकचे साधे पाण्याचे रंग घातले की असाच गोळा होतो, तेलात मिसळणारे कँडीचे रंग घ्या.

१२. बुडवायचं कसं? माझ्या प्रत्येक एगखाली थारोळं होतं.

गोळा काट्यावर ठेवा, टोचू नका, बुडवा, उचला, काटा भांड्याच्या कडेवर चार-पाच वेळा हलका आपटा म्हणजे जास्तीचं चॉकलेट गळतं, मग काट्याचा तळ कडेवर पुसून घ्या आणि एग बटर पेपरवर सरकवा. थारोळं होतं ते आपटायचं राहिल्यामुळे किंवा चॉकलेट दाट असल्यामुळे (प्रश्न ९). भांडं अरुंद आणि खोल घ्या. चर्चमध्ये एक जण बुडवतो, एक जण नक्षी काढतो आणि तिसरा ट्रे उचलतो, घरीही दोघं असलात तर खूप बरं पडतं.

१३. रात्री सुंदर दिसत होती, सकाळी सगळ्यांना तडे आणि तड्यांतून तेल. का?

गोळे फार गार होते. गरम चॉकलेट लागलं की आतलं सारण खोलीच्या तापमानाला येताना फुगतं, वरचं कवच मात्र आकसत असतं, मग ते तडकतं. मी पहिल्या वर्षी गोळे रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून तसेच बुडवले आणि ४० च्या ४० तडकले, त्या दिवशी मला खरंच रडू आलं होतं. आता अर्धा तास फ्रीज, मग १० मिनिटं बाहेर आणि मगच बुडवते. गोळा हाताला गार लागावा, पण थिजलेला नको.

तडा नाही तरी एखाद्या जागी तेल येतं, ते तळाशी टाचणीएवढं भोक राहिल्यामुळे. आधी तळाला बोटाने पातळ चॉकलेट फासून सुकवा आणि मग पूर्ण बुडवा, हा आजींचा उपाय आहे आणि मी तो कधी चुकवत नाही.

१४. वर पांढुरके डाग आलेत, बुरशी आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. बोटाने चोळून पुसलं गेलं आणि स्निग्ध लागलं तर ते फॅट वर आलेलं आहे, टेम्परिंग बिघडलं किंवा मध्ये गरम झालं. खरखरीत लागलं तर साखर आहे, फ्रीजमधून काढल्यावर वर पाणी धरलं, त्यात साखर विरघळली आणि सुकून राहिली. दोन्ही खायला चालतात. दाण्याच्या सारणात हे लवकर होतं, कारण दाण्याचं तेल हळूहळू चॉकलेटमध्ये उतरतं, टेम्परिंग कितीही छान असलं तरी. म्हणून मी फार आधी करत नाही. केसाळ, हिरवट किंवा कुबट वास असेल तर मात्र टाकून द्या.

१५. किती दिवस टिकतात?

२० अंशांच्या आसपासच्या खोलीत हवाबंद डब्यात एक आठवडा, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. बाहेर काढताना डबा न उघडता तसाच खोलीत येऊ द्या, मग पाणी डब्यावर धरतं, एग्जवर नाही.

१६. इथल्या बाईंनी क्रीम चीज घालायला सांगितलंय, आणि एकीने चक्क बटाटा! खरं आहे का?

दोन्ही खरं आहे. पेनसिल्व्हेनियात क्रीम चीज घालून सारण करणारे खूप आहेत, ते आंबटसर आणि मऊ होतं. उकडलेला बटाटा कुस्करून त्यात पिठीसाखर घालायची हीसुद्धा इकडची जुनी पद्धत आहे, बटाट्याची चव अजिबात लागत नाही. मात्र दोन्हीत ओलावा असतो, त्यामुळे प्रश्न १५ मधली मुदत इथे चालणार नाही, फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

१७. पुण्यात एप्रिलमध्ये ३८ अंश असतं, कसं करू?

एसीच्या खोलीत, पहाटे किंवा रात्री, आणि कंपाउंड चॉकलेटने. खरं चॉकलेट ३४ अंशांना वितळतं म्हटल्यावर तिथे टेम्परिंगचा उपयोग डब्याबाहेर टिकत नाही. लोणी ५७ ऐवजी ४० ग्रॅम घ्या. वाढायच्या आधी १० मिनिटंच फ्रीजमधून काढा. आणि वसई, बांद्रा किंवा गोव्याच्या कुणी विचारलं तर, हो, आपल्याकडच्या मार्झिपानच्या एग्जनाही असंच चॉकलेट लावता येतं, मार्झिपान वळून रात्रभर उघड्यावर सुकू द्या आणि मग बुडवा.

१८. दाणे उपवासाला चालतात, मग हे चालेल का?

हा प्रश्न मला फार आवडतो. दाणे, लोणी, साखर चालतात, अडतं ते बाकीच्यावर. विकतच्या पिठीसाखरेत मक्याचा स्टार्च असतो, म्हणजे धान्य आलं. घरी साखर दळा, कॉर्नफ्लोअर घालू नका, दाणे घरी वाटा (प्रश्न ६). चॉकलेट आणि व्हॅनिला चालतं का हे प्रत्येक घराचं वेगळं, आमच्याकडे चालत नाही.

१९. दाण्याच्या गुळाच्या लाडवालाच चॉकलेट लावलं तर?

लावून बघितलंय. चव अप्रतिम, पण गूळ ओलावा ओढतो, दोन दिवसांत चॉकलेटखाली घाम सुटल्यासारखं होतं. त्याच दिवशी खाणार असाल तर नक्की करा, कूट एकदम बारीक घ्या आणि लाडू सुपारीपेक्षा थोडाच मोठा वळा.

२०. मुलीच्या वर्गात दाण्याची ॲलर्जी असलेला मुलगा आहे.

मग ही एग्ज शाळेत अजिबात पाठवू नका, एखादंही नाही. सूर्यफुलाच्या बियांचं बटर घेऊन त्याच प्रमाणात करता येतं, पण त्याच पोळपाटावर, त्याच काट्याने, दाण्याच्या एग्जनंतर केलं तर काही उपयोग नाही. सगळी भांडी साबणाने धुवा, चॉकलेटच्या पाकिटावर दाण्यांचा इशारा आहे का वाचा, आणि तरीही आधी त्या मुलाच्या आईला विचारा. तिचा शब्द शेवटचा.

२१. साखर नको असेल तर शुगर-फ्री पीनट बटर आणि स्वीटनर चालेल?

पिठीसाखर इथे गोडव्याइतकीच आकार धरायलाही असते, नुसतं काढून टाकलं तर गोळा उभा राहत नाही, पिठीसाखरेसारखं मिळणारं स्वीटनर घ्यावं लागतं. घरात कुत्रा असेल तर पाकीट नीट वाचा. काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं, कधी त्याला बर्च शुगर लिहितात, ते कुत्र्याच्या जिवावर बेततं. चॉकलेटही त्यांना विषारीच. ईस्टरला इकडे एग्ज घरभर लपवतात, तेव्हा किती लपवली ते मोजून ठेवा आणि तेवढी सापडली का बघा.

२२. भारतात नेता येतील का? किंवा पोस्टाने पाठवू?

विमानात घट्ट कँडी म्हणून चालतात. पीनट बटरची बरणी मात्र अमेरिकेच्या सुरक्षा तपासणीत द्रव धरतात, मोठी बरणी चेक-इनमध्ये टाका. पोस्टाने थंड राज्यांत सोमवारी पाठवा, म्हणजे पार्सल वीकेंडला गोदामात पडत नाही. टेक्सास-फ्लोरिडाला मी मार्चनंतर पाठवत नाही.

२३. विकायला सुरुवात केली तर परवाना लागतो का?

राज्यागणिक नियम वेगळे आहेत, आपल्या राज्याचे बघा. पेनसिल्व्हेनियात राज्याच्या शेती विभागाकडे नोंदणी करावी लागते. दाण्याचा उल्लेख लेबलवर ठळक हवाच. क्रीम चीजवाली (प्रश्न १६) फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, त्यामुळे घरगुती विक्रीत ती बहुतेक ठिकाणी अडतात.

२४. उरलेल्या चॉकलेटचं काय करू?

त्यात पीनट बटरचे कण मिसळलेले असतात, म्हणून पुढच्या वेळच्या टेम्परिंगला ठेवू नका आणि ॲलर्जीवाल्या घरी देऊ नका. मी त्यात भाजलेले दाणे आणि थोडे मनुके घालून चमच्याने बटर पेपरवर टाकते, अर्ध्या तासात घट्ट होतात, आणि ट्रे अजून धुवायचा असतानाच मुलं ते संपवतात.